न लिहिलेले तास

(पावणे येथील अभ्यासवर्गात केलेले भाषण)



ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या या औद्योगिक पट्ट्यात कामगारांविषयी बोलायचे म्हटले की रासायनिक कारखाने, पाळ्या आणि कंत्राटी भरती हे विषय ओघानेच येतात. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे त्याला आपण कामगार मानीत नाही आणि तो स्वतःलाही तसे मानीत नाही. बड्या लेखापरीक्षण संस्थेत आर्टिकलशिप करणारा विद्यार्थी, हा तो माणूस.

याच परिसरातील एका प्रकल्पग्रस्त कुटुंबातला माझा एक विद्यार्थी मुंबईतील अशा संस्थेत उमेदवारी करीत आहे. कुटुंबाची जमीन एमआयडीसीत गेली, वडील कारखान्यात लागले आणि मुलगा सी.ए. होऊ घातला. कामाविषयी त्याची तक्रार नाही. व्हाउचर तपासणे, बँकेची शिल्लक ताडून पाहणे, ३१ मार्चला गोदामात उभे राहून पिंपे मोजणे यातून धंदा आतून कसा चालतो हे कळते, असे तो म्हणतो. आणि ते खरेही आहे. परंतु त्याने सहज सांगितलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. तो बारा तास काम करतो आणि वेळपत्रकात आठच तास लिहितो. जास्त लिहू नये असा लेखी हुकूम कोणी काढलेला नाही, पण जास्त तास लिहिणारा मंद ठरतो!

यामागचे अर्थकारण सरळ आहे. कंपनीच्या ऑडिटची फी आधीच ठरते. त्या फीवरून कामाचे तास ठरतात. काम त्या तासांत मावले नाही, तर वाढीव तासांचा खर्च कुणीतरी सोसलाच पाहिजे. अशील तो सोसत नाही, भागीदारही सोसत नाहीत. तो उमेदवाराच्या झोपेतून वसूल होतो. वरकड श्रमाची चर्चा आपण गिरणीच्या संदर्भात पुष्कळ केली. येथे तर ते श्रम कागदावरूनच नाहीसे होतात. दुसऱ्यांच्या जमाखर्चातील लपवाछपवी शोधण्यासाठी ज्याला नेमले, त्यालाच स्वतःच्या दिवसाचा खोटा हिशेब लिहावा लागतो.

कायदा काय सांगतो? सनदी लेखापालांच्या संस्थेने उमेदवारासाठी आठवड्याला ३५ तासांचा दंडक घातलेला आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दर दिला. प्रत्यक्षात काय घडते, हे २०२४ साली पुण्याने पाहिले. अर्न्स्ट अँड यंगच्या तेथील कार्यालयात मार्चमध्ये रुजू झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल जुलैत मरण पावली. आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. कामाच्या ताणाने मृत्यू झाला, हे संस्थेने मान्य केले नाही. पण राज्याच्या कामगार खात्याने तपासणी केली तेव्हा हे कार्यालय २००७ पासून या कायद्याखालील नोंदणीविनाच चालू असल्याचे आढळले. सतरा वर्षे!

यावर राज्यकर्त्यांनी बोध काय घेतला? सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने आस्थापनांतील रोजची मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली.

‘शिकणाऱ्याने कष्ट करायला नकोत काय?’ असा प्रश्न विचारला जाईल. कष्ट जरूर करावेत. परंतु पहिल्या गोदामात पिंपे मोजून जे कळते, तेच चाळिसाव्या गोदामात रात्री अकराला पुन्हा कळत नाही. तेथे शिक्षण संपून नुसती मजुरी उरते आणि तीही विद्यावेतनाच्या भावाने. शिवाय यात समाजाचेही हित गुंतलेले आहे. २००९ साली सत्यम कंपनीची ५,००० कोटींहून अधिक रकमेची शिल्लक केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. लेखापरीक्षणात ती वर्षानुवर्षे पकडली गेली नव्हती. ठेवीदाराचा पैसा आणि कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी ज्या ताळेबंदांच्या भरवशावर गुंतविला जातो, ते तपासणारे डोळे पेंगुळलेले असणे कोणालाच परवडणारे नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. तेव्हा गिरणीचा भोंगा साऱ्या वस्तीला ऐकू येत असे. किती तास राबवून घेतले जाते हे लपत नव्हते. आजच्या काचेच्या इमारतीला भोंगा नाही. म्हणून पहिली मागणी खऱ्या तासांच्या नोंदीची हवी. ती नोंद कामगार खात्याला तपासता आली पाहिजे, आणि ती खरी लिहिल्याबद्दल उमेदवाराला शिक्षा होता कामा नये.

दुसरे काम आपले आहे. ही मुले मालकवर्गाची, अशी आपली एक जुनी समजूत आहे. पावणे, तुर्भे, कोपरखैरणे येथल्या कित्येक कामगारांच्या घरांत आज अशी मुले-मुली आहेत. युनियनच्या सभेला वडील येतात, तेव्हा मुलगा अजून कार्यालयातच असतो. पुढच्या अभ्यासवर्गाला त्याला बोलवा, रविवारी ठेवा, आणि तो कोणत्या रविवारी मोकळा आहे हे आधी त्यालाच विचारा.