जमिनीवरची साक्ष



गडहिंग्लजहून आजरा-चंदगडकडे निघालात की उसाचे मळे मागे पडतात आणि काजूच्या बागा व रान एकमेकांत मिसळू लागतात. तेथील शेतकऱ्याला बाग कोणती आणि रान कोणते, हे सांगावे लागत नाही. उपग्रहाच्या चित्रात मात्र दोन्ही हिरवीच दिसतात.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८१ साली स्थापन झाली. तिचा पहिला अहवाल १९८७ साली निघाला. तिच्या व्याख्येप्रमाणे, किमान एक हेक्टर जागेतील दहा टक्के किंवा अधिक जमीन झाडांच्या छायेखाली असेल, तर ते वनाच्छादन. मग मालक कोणीही असो, झाड कोणतेही असो. म्हणजे काजूची बागही त्यात येते! रान तुटून बाग झाली, तरी आकडा तसाच राहू शकतो. हिरडा, मध आणि सरपणासाठी रानावर अवलंबून असणाऱ्यांचे नुकसान त्या आकड्यात दिसत नाही.

बाग आणि रान वेगळे दाखवायचे, तर संगणकाला शिकवावे लागते, आणि त्यासाठी कोणीतरी जागेवर जावे लागते. तेथील अक्षांश-रेखांश, तारीख, झाडांच्या जाती, उंची आणि छायेचे प्रमाण टिपायचे. तारीख महत्त्वाची, कारण ऐन उन्हाळ्यात पाने गाळतो, काजू हिरवाच राहतो. 'लिस-३' या कॅमेऱ्याच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवर सुमारे २३.५ मीटर लांब-रुंद असतो. म्हणून नोंद एका झाडाची नव्हे, आजूबाजूच्या सबंध पट्ट्याची हवी. सोयीची म्हणून केवळ रस्त्याकडेची ठिकाणे घेतली, तर आतले रान अबोलच राहील.

विद्यार्थी मित्रहो, वर्गात सोडवून दिलेलीच गणिते परीक्षेत घातली, तर मुलाला किती समजले ते कळेल काय? तसेच येथेही आहे. शिकवण्याची ठिकाणे वेगळी, तपासण्याची वेगळी. तपासणीच्या १०० ठिकाणांपैकी ८५ जुळली, तर नकाशा ८५ टक्के बरोबर. उरलेल्या १५ मध्ये बागेला रान म्हटले की रानाला बाग, हेही पाहायला हवे.

अक्षांश-रेखांश आज खिशातला मोबाइल सांगतो. ऐन, किंजळ, अंजनी ओळखणारी माणसे मात्र आपल्या घरांत आणि वाड्यावस्त्यांवर आहेत. त्यांच्याकडून ती ओळख शिकून घ्या. पाहिले तेच लिहा. शंका असेल तेथे 'शंका' असेच लिहा. आपल्या एका खऱ्या नोंदीवर उद्याच्या नकाशाचा खरेपणा अवलंबून आहे.