रोज दहा मिनिटं, शंभर शब्द



मुलींना लिहा म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, "बाजी, हमारे पास लिखने जैसा क्या है?" एखादीनं मनावर घेतलंच, तर ती थेट कादंबरीला हात घालते. तिसऱ्या पानावर वही बंद.

म्हणून मी अलकेकडे वळले. अलक म्हणजे अति लघु कथा. शंभर शब्दांच्या आत एक प्रसंग. प्रकार नवा नाही. फाळणीच्या दंगलींवरचं मंटोंचं 'सियाह हाशिये' 1948 साली आलं. त्यातल्या काही कथा दोन-तीन ओळींत संपतात आणि डोक्यातून जात नाहीत.

आमची रीत साधी आहे. रोज इशाच्या नमाजनंतर मी ग्रुपवर एक विषय टाकते. विषय घरातला, गल्लीतला हवा. 'एकता', 'स्त्रीशक्ती' असं दिलं की निबंध येतात. 'अम्मीच्या विड्या', 'रेशन कार्डावरचं चुकलेलं नाव', 'अब्बांचा बंद पडलेला माग' असं दिलं की माणसं येतात. घड्याळ लावून दहा मिनिटं लिहायचं. खोडायचं नाही. मराठीत मध्येच दखनी आली तर येऊ द्यायची. चुका रविवारी एकत्र बसून बघतो. आणि एक दिवस राहिला, तर दुसऱ्या दिवशी दोन लिहायच्या नाहीत. नमाज राहिली तर कजा पढतो. अलकेला कजा नाही. साठलेलं ओझं दिसलं की वही उघडतच नाही.

एकदा विषय दिला, 'नाव काय?' भाड्याचं घर शोधणाऱ्या एका मुलीनं लिहिलं: 'चहा येईपर्यंत खोली रिकामी होती. काकूंनी नाव विचारलं. मी सांगितलं. कप खाली ठेवेपर्यंत खोली भाड्यानं गेली होती.'

वाचून झाल्यावर कुणी बोललं नाही. मग एकीनं विचारलं, "चहा कैसी थी?" दुसऱ्या दिवशी तिनं शेवटी एकच ओळ वाढवली: 'चहात आलं होतं.' त्या ओळीनं काकू नुसत्या वाईट बाई राहिल्या नाहीत. रोज शेजारी भेटणारं माणूस झाल्या. दुखतं ते त्यामुळेच. माझ्या कुठल्याही भाषणानं हे साधलं नसतं.

हे सोलापूर आहे. 'गझनफर' हे पत्र चालवणारे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन इथलेच. 12 जानेवारी 1931 रोजी ते फासावर गेले, ऐन तरुण वयात. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 साली इथंच भरलं. आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, हे निदान या गावात म्हणू नये. आपण लिहिलं नाही तर आपल्याबद्दल दुसरे लिहितात, आणि त्यात चहातलं आलं नसतं.

आज रात्रीचा विषय सांगते: 'दारावरची पाटी'. दहाच मिनिटं.