बरगडीची वेदना आणि श्वास



मंदिराच्या ओल्या पायरीवरून घसरून बरगड्या मोडल्या, तरी आपले वडीलधारे म्हणतात, ‘सहन करतो, औषध नको.’ परीषह सोसण्याची आपली परंपरा थोर खरी. पण येथे प्रश्न श्वासाचा आहे. दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचून न्यूमोनिया होतो. अमेरिकेतील २००० सालच्या एका अभ्यासात वृद्धांमध्ये प्रत्येक अधिक मोडलेल्या बरगडीमागे मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

मॉर्फिनने वेदना शमते, परंतु गुंगी येऊन श्वासही मंदावू शकतो. म्हणून भूलतज्ज्ञ त्या भागाच्याच नसा बधिर करतात; रुग्ण शुद्धीवर राहतो, नवकार म्हणू शकतो. एपिड्युरल जुने व प्रभावी, दोन्ही बाजूंना उपयोगी. मात्र रक्तदाब उतरतो आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते सहसा टाळतात. पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकमध्ये रक्तदाब कमी ढळतो, पण सुई फुप्फुसाच्या आवरणालगत जाते. २०१६ मध्ये प्रथम वर्णिलेला इरेक्टर स्पायनी ब्लॉक सोनोग्राफीत पाहत पाठीच्या स्नायूखाली देतात. तो अधिक निर्धोक. गुण मात्र रुग्णागणिक कमी-अधिक. पुढील व कुशीच्या बरगड्यांसाठी सेरॅटस ब्लॉक उताण्या रुग्णालाही देता येतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांसाठी या शेवटच्या दोहोंचा विचार आधी व्हावा, असे माझे मत आहे.

रुग्णालयात दाखल होतानाच घरच्यांनी चालू औषधांची यादी दाखवावी आणि ब्लॉकविषयी विचारावे. न्यूमोनिया झाल्यावर नव्हे.