सेवाभाव आणि सेवकाचे वेतन

(म्हसावद, ता. शहादा येथे आरोग्यविषयक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण औषधपेटी घेऊन पाड्यापाड्यांवर जातात, शिबिरे भरवतात. मीही त्यांतलाच एक आहे, म्हणून आज थोडे अप्रिय बोलण्याचे धाडस करतो. शिबिरात तपासून ज्याच्या हाती आपण 'मोठ्या दवाखान्यात जा' अशी चिठ्ठी देतो, त्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे आपण क्वचितच विचारतो.

काही वर्षांपूर्वी एका जनजाती भागातील शासकीय रुग्णालयात मी एक रात्र काढली. प्रसूतिकक्ष आणि वॉर्ड मिळून एकच परिचारिका होती. नातेवाईकांनी बांबूच्या झोळीतून एका अडलेल्या बाळंतिणीला आणले. शस्त्रक्रियागृह होते, टेबल होते, दिवे होते; भूलतज्ज्ञाचे पद मात्र रिक्त होते. गाडी बोलावून तिला पुढे पाठवावे लागले. पहाटे त्या परिचारिकेशी बोलताना कळले की, ती कंत्राटी आहे आणि तीन महिन्यांचे मानधन अजून जमा झालेले नाही. ''पेट्रोलला पैसे उसने घेते दादा, पण पाळी चुकवली नाही,'' ती म्हणाली. मी तिच्या सेवाभावाचे कौतुक केले. आज त्या कौतुकाची मला लाज वाटते. तिला कौतुक नको होते, पगार हवा होता.

रिक्त पद म्हणजे काय, याचा साधा हिशेब करू. एका जागी चोवीस तास एक परिचारिका हवी असेल, तर आठवड्याला एकवीस पाळ्या होतात. एक व्यक्ती सहा पाळ्या करते. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसे. रजा, प्रशिक्षण, आजारपण धरले की चार ते पाच. त्यांतील दोन पदे भरली नाहीत की रात्रपाळी उघडी पडते. तज्ज्ञांचे गणित याहून कठीण आहे. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघेही लागतात. एक नसेल, तर दुसऱ्याचे कौशल्य त्या रात्री वाया जाते. आपल्या सातपुड्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत; तपासणीचे यंत्र असूनही प्रयोगशाळा तंत्रज्ञ नसेल, तर ते झाकूनच राहणार.

माणसे येत का नाहीत? शहरी सुखाची ओढ हे एक कारण आहेच, मी ते नाकारत नाही. पण जे आले, त्यांना आपण कसे वागवले? नवसंजीवन योजनेतील भरारी पथकांचे डॉक्टर पाहा. पावसाळ्यात पाड्यांवर जाणारे, कुपोषित बालकांना तपासणारे हे मानसेवी वैद्यकीय अधिकारी 2020 पर्यंत महिना 24 हजार रुपयांवर काम करत होते. त्यांतील काही भाग आरोग्य विभागाकडून आणि उरलेला आदिवासी विकास विभागाकडून! 2020 मध्ये ते मानधन 40 हजार झाले. 'मानसेवी' या शब्दाचा मान राखायला एवढी वर्षे लागली.

दुसरे उदाहरण कायम कर्मचाऱ्यांचे. 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने जनजाती व नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना मूळ वेतनाच्या 15 टक्के प्रोत्साहन भत्ता देऊ केला. कमाल मर्यादा 1,500 रुपये. हेतू उत्तम होता. परंतु मूळ वेतन 10 हजारांच्या वर गेले की ते 15 टक्के उरत नाहीत. 35 हजारांवर 1,500 रुपये म्हणजे जेमतेम सव्वाचार टक्के. एवढ्यासाठी कोण आपली मुले घेऊन डोंगरात राहील?

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि कंत्राटी नेमणुकांचा मार्ग प्रशस्त झाला. अभियानाने खेड्यात परिचारिका, तंत्रज्ञ आणि आशाताई दिल्या, हे ऋण मान्य करायलाच हवे. पण तात्पुरती म्हणून केलेली व्यवस्था वीस वर्षे तशीच चालली. 2023 च्या संपानंतर 14 मार्च 2024 रोजी दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय निघाला. त्याच्याच अंमलबजावणीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये हे कर्मचारी पुन्हा संपावर गेले. रुग्णांचे हाल झाले. संप मला रुचत नाही. पण निघालेल्या आदेशासाठी संप करावा लागतो, हे अधिक रुचत नाही.

आपल्यातील काही जण म्हणतील, आपण शिबिरे वाढवू. अवश्य वाढवा. पण शिबिर सायंकाळी संपते, बाळंतीण मध्यरात्री येते. शिबिरांच्या संख्येवर समाधान मानून आपण नकळत शासनाला सवलत देत नाही ना, याचा विचार करा.

म्हणून एक विनंती आहे. आपापल्या भागातील ग्रामीण रुग्णालयाची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कंत्राटी मानधन कोणत्या तारखेला जमा होते, हे माहितीच्या अधिकारात विचारा. रुग्णकल्याण समितीत आपला कोणी परिचित असेल, तर कर्मचारी निवासस्थानांचे छप्पर गळते का, हेही त्याला बघायला सांगा; बाहेरून आलेली परिचारिका गळक्या खोलीतूनच निघून जाते. आणि पुढच्या शिबिराच्या अहवालात एक रकाना वाढवा: 'पुढे पाठवलेल्या रुग्णाला तेथे कोण भेटले?' त्यात 'पद रिक्त' असे लिहावे लागले, तर तो कागद माझ्याकडे पाठवू नका. ग्रामीण रुग्णालयाचा असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, प्राथमिक केंद्राचा असेल तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे न्या, आणि पोच घेऊन या.