गुडाखू विचारा

मान्यवर अध्यक्ष, नागपूर-गोंदियाहून आणि राजनांदगाव, भिलाई, बिलासपूरहून आलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

रायपुरात आपलं मनापासून स्वागत. राहण्याजेवणाची काही गैरसोय झाली, तर ती माझ्या खात्यावर मांडा.

स्वागताध्यक्षानं विषयात शिरू नये, असा संकेत आहे. तो आज थोडा मोडतो. डोकं आणि मानेचे कर्करोग ओळखायचे, तर छत्तीसगडात आधी एक शब्द शिकावा लागतो : गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा हा काळा लगदा, तुमच्या मिश्रीची सख्खी बहीण. इथल्या कितीतरी बायका तो रोज दातांना घासतात. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं, की ‘नाही’ म्हणतात. खोटं बोलत नाहीत हो. त्यांच्या लेखी ते मंजन आहे! म्हणून ‘गुडाखू घासता का?’ असंच विचारावं लागतं.

माझी चूकही सांगतो. कान दुखतो म्हणून एक बाई आल्या. पडदा स्वच्छ होता, तरी मी थेंब दिले. पुन्हा आल्या, पुन्हा थेंब. तिसऱ्या वेळी जिभेच्या मुळाशी बोट फिरवलं, तर टणक गाठ लागली. कान निरोगी असून एकाच बाजूला ठणकत असेल, तर घसा बघायचा, हे पुस्तकात मीही वाचलं होतं.

तोंडातली जखम, बसलेला आवाज किंवा मानेतली गाठ तीन आठवड्यांवर टिकली, तर बी-कॉम्प्लेक्सची आणखी एक पट्टी लिहू नका, पुढे पाठवा. मानेतली प्रत्येक गाठ क्षयाचीच, असंही धरू नका. तिखट झोंबतं, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, हीही नुसती तक्रार नव्हे.

पाहण्यानं काय होतं? तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी (डॉक्टरांनी नव्हे) लोकांची तोंडं नुसत्या नजरेनं तपासली. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले : तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते.

आपल्या ओपीडीत गर्दी असते, मान्य. पण गालाचा आतला खळगा बघायला अर्धं मिनिट पुरतं. कवळी असेल तर काढायला सांगा.

एक सूचना राहिली. तुम्हाला दिलेल्या पिशवीत यंदा पेन नाही, टॉर्च आहे. सेल घातलेले आहेत.