उभ्याने प्यायची कॉफी

पत्रिकेवर विषय छापला आहे ‘कमी भांडवलात कॉफीचं दुकान’. बाबा बुदन यांनी चिकमगळूरला आणलेल्या कॉफीच्या सात बियांची कथा या सभागृहात सगळ्यांना पाठ असणार, तेव्हा थेट पैशाकडे वळू. म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगितलेलं बरं. गाठीशी पाच-सात लाख असतील, तर खुर्च्या मांडू नका आणि एस्प्रेसोचं यंत्र घेऊ नका. (कुजबुज)

तरुण मंडळींना हे पटणार नाही, याची कल्पना आहे. पण बंगळूरकडे पाहा. 1983 साली जयनगरमध्ये ‘कॅफे दर्शिनी’ निघालं. आर. प्रभाकर यांनी बसवलेली ती पद्धत अशी: आधी पैसे भरा, कूपन घ्या, समोर मांडलेलं स्वयंपाकघर बघत पेला उचला, उभ्यानेच संपवा आणि निघा. पुढे शहरभर ‘दर्शिनी’ झाल्या. शंकरपुरमचा ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’ तर 1965 पासूनचा. तिथे इडली, वडा, खाराभात, केसरीभात आणि कॉफी. इडलीबरोबर सांबारसुद्धा नाही, फक्त चटणी. तरी सकाळी फुटपाथ भरलेला असतो. ‘हट्टी कापी’ 2009 साली गांधी बझारमध्ये सुरू झालं, ते साधारण 30 चौरस फुटांच्या जागेत आणि पाच रुपये पेल्याने. पुढे ते विमानतळापर्यंत पोचलं. सुरुवात मात्र एका खणाएवढ्या जागेतून झाली.

असं का चालतं? हिशेब मांडू. धरा, गाळ्याचं भाडं 30 हजार आणि दोन मदतनिसांचा पगार 30 हजार. म्हणजे दिवसाला दोन हजारांचा खर्च, गिऱ्हाईक येवो न येवो. पेला 30 रुपयांना विकला आणि दूध, पूड, साखर, गॅस धरून 15 रुपये लागले, तर रोज 134 पेले गेल्यावर नुसती तोंडमिळवणी होते. वीजबिल आणि नासलेलं दूध अजून धरलेलंच नाही. आता दहा खुर्च्या ठेवल्या आणि प्रत्येक जण तासभर लॅपटॉप उघडून बसला, तर 134वा पेला कधी जाणार? उभं गिऱ्हाईक दहा मिनिटांत जागा मोकळी करतं.

यंत्राचं तसंच. दोन ग्रुपचं चांगलं एस्प्रेसो यंत्र म्हणजे काही लाख. त्याला वेगळा ग्राइंडर हवा, जड पाण्याचे क्षार बॉयलरमध्ये बसू नयेत म्हणून पाणी शुद्ध करण्याची सोय हवी, विजेचा वाढीव भार हवा आणि शिकलेला माणूसही हवा. तो माणूस सोडून गेला की यंत्र गप्प. पितळी फिल्टरचं तसं नाही. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात पूड सारखी पसरायची, दांडीच्या चकतीने हलकेच दाबायची, उकळी नुकतीच ओसरलेलं पाणी वरून गोल फिरवत ओतायचं आणि झाकण ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट डिकॉक्शन उतरतं. जोरात दाबलं तर पाणी अडतं, सैल ठेवलं तर धो धो उतरून पाणचट होतं. हे हाताला आठवड्याभरात कळतं. डिकॉक्शन पहाटेच तयार असल्याने गर्दीत पेला अर्ध्या मिनिटात भरता येतो.

पूड मात्र रोजच्या रोज ताजी दळलेली हवी. मुंबईकरांना माटुंग्यात ‘म्हैसूर कन्सर्न्स’सारखी जुनी दुकानं आहेतच. चिकोरी घालायची तर थोडी घाला. मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असली पाहिजे, हा कायदा आहे आणि पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. ते वाचून घ्या.

एक चिठ्ठी आली आहे: ‘मग इंडियन कॉफी हाउसचं काय? तिथे तर लोक दिवसभर बसतात!’ (हशा) प्रश्न रास्त आहे. 1936 साली मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं, ते कॉफीचा खप वाढावा म्हणून. पुढे अशी कॉफी हाउसं चालवणाऱ्या कॉफी बोर्डाने पन्नासच्या दशकात ती बंद करायला घेतली आणि वाढपी, आचारी रस्त्यावर यायची वेळ आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कामगारांनीच सहकारी संस्था काढून ही दुकानं ताब्यात घ्यावीत, असा आग्रह त्यांनी धरला. 1957 साली बंगळूरला पहिली संस्था झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीला कॉफी हाउस उघडलं, 1958च्या मार्चमध्ये त्रिशूरला. काल नोकरी गेलेला माणूस आज दुकानाचा मालक, डोक्यावर वाढप्याचा तोच तुऱ्याचा फेटा! कमी भांडवलाचं याहून मोठं उदाहरण या देशात शोधून सापडणार नाही. तिरुवनंतपुरमला तर वास्तुविशारद लॉरी बेकरनी गोल चढत जाणारी, चक्राकार इमारत बांधली आणि उताराच्या कडेने टेबलं मांडली...

चिटणिसांनी घड्याळ दाखवलं. (हशा) तेव्हा उत्तर एवढंच, की तिथे कामगार स्वतःच मालक आहेत. महिन्याच्या एक तारखेला भाडं मोजणाऱ्या नव्या दुकानदाराला गिऱ्हाइकाला दिवसभर बसू देण्याची चैन परवडणारी नाही. जम बसला की खुशाल बाकं मांडा, कोण नको म्हणतं? आणि मांडाच, कारण गावाला बसून बोलायची जागा लागते. पण आधी टिका.

परवान्यांचं भरभर सांगतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, दुकान व आस्थापना कायद्याखालची नोंद, महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा परवाना. गॅस 19 किलोचा व्यावसायिकच. घरातला सिलिंडर दुकानात आणायचा नाही. मुद्रा कर्जात शिशु गटात 50 हजारांपर्यंत आणि किशोर गटात पाच लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. ते फिल्टर, दुधाची भांडी, शेगडी आणि ओट्यावर खर्च करा. स्वतःच्या पैशांतून सहा महिन्यांचं भाडं बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका.

इथल्या ज्या कुणाच्या मनात दुकान काढायचं असेल, त्यांना एकच विनंती. भाडेकरारावर सही करण्याआधी आठवडाभर सकाळी सात ते दहा त्या गाळ्यासमोर वही घेऊन उभे राहा आणि जाणारी-येणारी माणसं मोजा. रोजच्या 134 पेल्यांएवढी वर्दळ तिथे दिसली नाही, तर गाळा कितीही देखणा असला तरी घेऊ नका.