अम्मीची सुरमादानी

आमचे घर ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळ. नवरात्रात देवीच्या दर्शनाची गर्दी आमच्या गल्लीपर्यंत येते. गेल्या वर्षी त्याच गर्दीतून वाट काढत माझी मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन घरी आली. अम्मीने पणतीला मांडीवर घेतले आणि आपली पितळी सुरमादानी मागितली. सुरम्याने नजर तेज होते, ही तिची श्रद्धा. माझ्याही डोळ्यांत तिनेच सुरमा घातला होता.

“थांब नानी,” रसायनशास्त्र शिकणारी माझी भाची म्हणाली. “मामू, मला आधी चिमूटभर सुरमा द्या.”

तो नमुना तिने महाविद्यालयामार्फत पवईच्या आयआयटीत पाठवला. पदार्थांच्या पृथक्करणाचे एक केंद्र तिथे १९७६ पासून आहे. अशी महागडी यंत्रे प्रत्येक महाविद्यालयाला कुठून परवडणार? म्हणून ती एका जागी ठेवली आहेत. बाहेरचे विद्यार्थी, संशोधक आणि कारखानदार शुल्क भरून तिथे तपासणी करून घेऊ शकतात.

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. भाचीने मला समजेल असे सांगितले. नमुना आम्लात विरघळवून हजारो अंश तापलेल्या वायूत फवारतात. तिथे प्रत्येक मूलद्रव्य आपला ठरावीक प्रकाश देते. प्रकाशावरून त्याचे नाव कळते, तेजावरून प्रमाण. पण अणू कसे रचलेले आहेत, हे कळायला क्ष-किरण लागतात. ती तपासणी तिने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत करून घेतली. याच रीतीने १९१३ मध्ये ब्रॅग पिता-पुत्रांनी मिठाची रचना उलगडली. १९१५ चे नोबेल दोघांना मिळाले, तेव्हा मुलगा पंचवीस वर्षांचा होता.

अहवाल आला. आमचा सुरमा म्हणजे शिसे आणि गंधक, अर्थात गॅलिना नावाचे खनिज. गंमत अशी, की त्याच्या अणूंची मांडणी अगदी मिठासारखी. घराचा नकाशा तोच, राहणारे मात्र वेगळे. एक आपण रोज जेवणात घेतो. दुसऱ्यातले शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला अपाय करते. मूल डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते. प्रत्येक सुरमा शिशाचाच असतो असे नाही. पण काळी चमकदार पूड नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी तुला विष घातलं?”

“तेव्हा कुणाला ठाऊक होतं, अम्मी?”

तिने सुरमादानी भाचीच्या हातात दिली. म्हणाली, “खालच्या मजल्यावरच्या बाळालाही मीच घालते. आत्ता जा, त्याच्या आईला सांगून ये.”

भाची गेली. दुसऱ्या दिवशी त्या बाळाच्या रक्ताची तपासणी झाली. दवाखान्यात अम्मी स्वतः सोबत गेली होती.